एक्केचाळिसावी पिशवी

१

मुलांनो, डोळे मिटा असं म्हणणार होते, पण मग वाचणार कसे? तेव्हा उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर चला.

समुद्रात लांबवर घुसलेली जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, नाकासारखी. तिन्ही बाजूंना पाणी. टोकाला खुरटी झुडपं आणि पत्र्याच्या छपराची एकच खोली. उन्हाळा सरलाय, थंडी अजून यायचीय. उत्तरेकडून निघालेले लहान लहान पक्षी रोज सकाळी या नाकाच्या शेंड्यापर्यंत येतात. पुढे नुसतं पाणी. ते ओलांडायच्या आधी पक्षी झुडपांत उतरतात, किडे टिपतात, जरा दम खातात. त्यांतला एक मनातल्या मनात तळहातावर घ्या. वटवट्या. वजन सात ग्रॅम, म्हणजे तुमच्या वहीची दोन-तीन पानं. एवढ्याशा जिवाला तो समुद्र पार करायचा असतो.

आता खोलीत या. डोकं सांभाळा, दार ठेंगणं आहे. आत एक टेबल, एक छोटा तराजू, एक जाडजूड नोंदवही. भिंतीवर सात खुंट्या, त्यांवर पक्ष्यांच्या कापडी पिशव्या अडकवायच्या. मग थोडी जागा सोडून आणखी तीन खुंट्या, त्या कोटांच्या.

त्या सकाळी आत्याने कोटाच्या खुंटीवरचा आपला रेनकोट काढला आणि ती तशीच उभी राहिली. रेनकोटाखाली एक कापडी पिशवी लटकत होती. तोंड आवळलेलं, नाडीला पिवळा चिमटा. आत्याने नाडी सोडली, आत हात घातला, आणि हात बाहेर काढायला तिला फार वेळ लागला.

वटवट्या होता. गार पडलेला. आदल्या दिवसापासून तो तिथे टांगलेला होता आणि खोलीतल्या कुणालाही त्याची आठवण राहिली नव्हती.

२

त्या खोलीत काम कसं चालतं हे आधी सांगते. ते नीट समजून घ्या, म्हणजे गुन्हेगार तुम्हीसुद्धा शोधू शकाल.

झुडपांमध्ये केसासारख्या बारीक धाग्यांच्या चार जाळ्या उभ्या करतात. पक्षी येऊन अलगद त्यांच्या झोळात पडतो. जाळीकाका त्याला सोडवतात, पिशवीत घालतात आणि पिशवीच्या नाडीला कपड्यांचा लाकडी चिमटा लावतात. पहिल्या जाळीचा लाल, दुसरीचा पिवळा, तिसरीचा निळा, चौथीचा हिरवा. मग काका पाटीवर एक रेघ ओढतात. पिशवी खोलीत येते. आत्या पक्ष्याच्या पायात इवलंसं कडं घालते, त्यावर आकडा असतो. वजन होतं, नोंद होते, आणि खिडकीतून पक्षी मोकळा. पिशवीचा चिमटा एका बिस्किटाच्या डब्यात पडतो.

जाळ्या बंद झाल्या की डब्यातले चिमटे मोजायचे. चिमटे आणि पाटीवरच्या रेघा सारख्या असल्या तर कुणी मागे राहिलं नाही. एक जरी चिमटा कमी भरला, तरी सगळ्यांनी हातातलं काम टाकून ती पिशवी शोधायची. आणि एक नियम काकांनीच घातलेला: रेघा ओढणाऱ्याने डब्याला हात लावायचा नाही. काका पाटी बाहेरूनच खिडकीतून आत सरकवायचे आणि मोजणी संपेपर्यंत बाहेर थांबायचे. "ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं तर कशाला मोजायचं?" असं ते म्हणत.

माणसं पाचच. केंद्राच्या प्रमुख बाई. कडी घालणारी आत्या. नोंदवही लिहिणारा शाईदादा, कारण त्याच्या बोटांना कायम शाई. तीस वर्षं जाळ्या सांभाळणारे जाळीकाका. आणि आत्याची भाची, ठिपकी. हनुवटीवर तीळ, वय बारा. पिशव्या पळवत खोलीत आणायच्या आणि शेवटी चिमटे मोजायचे, हे तिचं काम. काकांनी तिला पक्षी हातात धरायला शिकवलं होतं, मान दोन बोटांमध्ये, मूठ सैल. "घट्ट धरशील तर मरेल, सैल धरशील तर उडेल, मधलं काय ते बोटांना कळतं," हे त्यांनी तिला शंभरदा सांगितलं असेल.

आदल्या दिवशी काय झालं होतं? पाटीवर एक्केचाळीस रेघा. डब्यात एक्केचाळीस चिमटे. वहीत एकूण एक्केचाळीस. सगळं जुळलं होतं. म्हणजे हा वटवट्या बेचाळिसावा.

बाईंनी तो टेबलावर रुमालात ठेवला आणि काकांना हाक मारली. त्या चिडलेल्या नव्हत्या, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड होतं. गेल्याच आठवड्यात काकांनी एक रेघ जास्त ओढली होती आणि सगळेजण तासभर नसलेली पिशवी शोधत बसले होते. तेव्हा बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, की काका, डोळे तपासून घ्या, पुन्हा असं झालं तर जाळ्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्याव्या लागतील.

आता एक रेघ कमी पडली होती. असं सगळ्यांना वाटलं.

काकांनी पक्ष्याकडे पाहिलं. मग कमरेचा पट्टा सोडला. त्याला रिकाम्या पिशव्या खोचलेल्या होत्या. पट्टा त्यांनी टेबलावर ठेवला.

"माझीच रेघ राहिली असणार," ते म्हणाले. "दुसरं कोण?"

३

त्या नोंदवहीत एक रकाना आहे, बहुतेक पानांवर कोराच. रकान्याचं नाव 'हातून'. पक्षी दगावला तर ज्याच्या हातून चूक झाली त्याने त्या रकान्यात स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहायचं. दुसऱ्याने दुसऱ्याचं लिहायचं नाही. वही संध्याकाळी चार वाजता बंद होते. तोवर काकांनी लिहावं, असं ठरलं.

दर आठवड्याला पक्षी तपासायला गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई येत. गायीच्या पोटात हात घालणारी ही धिप्पाड बाई सात ग्रॅमच्या जिवाला हात लावताना श्वास रोखून धरायची. त्या दिवशी त्यांची फेरी होती. त्यांनी रुमाल उघडला, पिशवी उलटी करून पाहिली आणि काय झालं ते विचारलं. सगळं ऐकून म्हणाल्या, पट्टा राहू दे टेबलावर, पण मला दुपारभर माणसांशी बोलू दे.

सुरुवात आत्यापासून झाली. आत्याचे डोळे सुजलेले होते. तिने सांगितलं, की काल दुपारी अचानक भुरभुर सुरू झाली, जाळ्या घाईने बंद केल्या, शेवटचे पक्षी एकदम आले. ती भिजून आत आली आणि रेनकोट न बघता खुंटीवर फेकला. खाली काय आहे ते पाहिलं नाही. "एक नजर टाकली असती तर," ती म्हणाली.

मग शाईदादा. त्याने फुशारकीने सांगितलं, की त्याच्या वहीत गेल्या तीन वर्षांत खाडाखोड नाही. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, की एक्केचाळीस हा आकडा कुठून आला. तो म्हणाला, डब्यातले मोजले ना, तो लिहिला.

"म्हणजे तू ओळी मोजल्या नाहीस?"

शाईदादाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

तेवढ्यात ठिपकी आत आली. हातात तिची पक्ष्यांची चित्रांची वही होती. वाऱ्याने पानं फडफडत होती आणि ती कोपराने दाबून धरत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बोलावलं. म्हणाल्या, तुझा आवाज स्पष्ट आहे, या ओळी मोज बघू. नोंदवहीत नव्या कड्यांच्या पक्ष्यांचं एक पान असतं आणि आधीच कडं असलेल्या, जुन्या ओळखीच्यांचं दुसरं. दोन पानांची बेरीज सहसा कुणी करत नसे.

ठिपकीने बोट ठेवून मोजलं. पहिलं पान तेहतीस. मग दुसऱ्या पानावर बोट फिरू लागलं आणि ते हळूहळू जड होत गेलं.

"सात," ती म्हणाली.

"एकूण?"

बाहेर लाटा आपटत होत्या. ठिपकीला वाटलं, आठ म्हणावं. एका शब्दाचाच प्रश्न होता. पण बोट सातव्या ओळीवरच होतं आणि खाली पान कोरं होतं.

"चाळीस," ती म्हणाली.

४

आता इथे जरा थांबा आणि बेरीज करा. चाळीस पक्ष्यांची नोंद झाली. एक पिशवीतच राहिला. चाळीस आणि एक किती?

एक्केचाळीस. पाटीवर रेघा किती होत्या? एक्केचाळीस.

काकांची एकही रेघ चुकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं. प्रमुख बाई खुर्चीत बसल्या. गेल्या आठवड्यातलं आपलं बोलणं त्यांना आठवलं असावं, कारण त्या काकांकडे बघेनात. काका मात्र आनंदले नाहीत. ते कोड्यात पडल्यासारखे डब्याकडे बघत होते. कारण आता चूक डब्यात होती. एका पक्ष्याचा पिवळा चिमटा अजून त्याच्या पिशवीलाच होता, म्हणजे डब्यात चाळीसच हवेत. मग काल एक्केचाळीस कसे निघाले?

डॉक्टरीणबाईंनी डबा टेबलावर उपडा केला. कालपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. लहान मुलं मणी वेगळे करतात तसे त्या चिमटे वेगळे करत बसल्या. लाल अठरा. पिवळे तेरा. निळे नऊ. आणि टेबलावर एकटा उरलेला एक हिरवा.

"चौथी जाळी काल लावली होती?"

आत्या म्हणाली, चार दिवसांपासून ती फाटलेली आहे, गुंडाळून खोलीमागे ठेवलीय.

"मग हा कुठल्या पक्ष्याचा?"

काकांनी हिरव्या चिमट्याकडे पाहिलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवा, त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं. कारण जाळी गुंडाळली त्या दिवशी त्यांनीच हिरव्यांतला एक चिमटा कुणाला तरी देऊन म्हटलं होतं, घे, तुझी पानं उडतात.

"माझा आहे तो," काका घाईने म्हणाले. "खिशात होते हिरवे. पडला असेल डब्यात."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुम्ही डब्याला हात लावत नाही. मोजणी होईपर्यंत तुम्ही खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. नियम तुमचाच."

काकांनी खाली पाहिलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते खोटं बोलले होते आणि तेही धड जमलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी चिमटे परत डब्यात भरले. हिरवा तेवढा बाहेर ठेवला. मग कुणाकडेही न बघता सांगितलं. पिशवीत विष्ठा खूप होती, म्हणजे पक्षी पुष्कळ वेळ जिवंत होता. काल मोजताना डब्यात चाळीस निघाले. मोजणाऱ्याने पाटी पाहिली, तिच्यावर एक्केचाळीस. त्याने 'एक कमी आहे' असं म्हटलं असतं, तर सगळ्यांनी शोधलं असतं, कोट उचलला असता आणि हा पाण्याचे दोन थेंब पिऊन उडाला असता. पण मोजणाऱ्याने स्वतःजवळचा एक चिमटा टाकला आणि आकडा जुळवला.

"लबाडीने नाही," त्या म्हणाल्या. "लबाड माणूस रंग बघून टाकतो. हे कुणीतरी घाईत केलंय, दुसऱ्याला बोलणी बसू नयेत म्हणून. नाव मी घेणार नाही. त्यासाठी तुमच्याकडे रकाना आहे."

आणि त्या चहा प्यायला बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

५

ठिपकी खोलीमागे, गुंडाळलेल्या जाळीशेजारी जाऊन बसली. तिचे कान तापले होते. तुम्हालाही कधीतरी असं झालं असेल, नाही म्हणू नका.

आता तिला तेही आठवलं, जे सकाळपासून आठवत नव्हतं. भुरभुर सुरू झाली तेव्हा तिने एका वेळी सहा पिशव्या उचलल्या होत्या. नियम तीनचा. खोलीत आली तर सातही खुंट्या भरत आलेल्या. पाच कशाबशा अडकवल्या आणि सहावी कोटाच्या खुंटीवर. आत्ता परत येऊन हलवते, असं म्हणून ती पळाली होती.

आणि मोजताना तीनदा चाळीसच निघाले, तेव्हा तिच्या मनात पिशवी आलीच नाही. तिच्या मनात काका आले. पुन्हा एक रेघ जास्त ओढली यांनी, असंच तिला वाटलं. खिडकीबाहेर ते ओल्या डोक्याने उभे होते. बाई आत येत होत्या. वहीचा चिमटा हाताशी होता. 'एक्केचाळीस' म्हणताना तिला आपण फार चांगलं काम केलं असं वाटलं होतं. रात्री ती छान झोपलीसुद्धा होती, आणि नेमकं तेच आता तिला सोसत नव्हतं.

चार वाजता बाईंनी वही उघडली. काका आत आले आणि त्यांनी पेन हातात घेतलं. ते लिहिणार होते. सगळ्यांना कळलं होतं, तरी ते लिहिणार होते.

ठिपकीने त्यांच्या हातातून पेन घेतलं. मागितलं नाही, घेतलं. रकान्यात नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग टेबलाच्या कडेकडे बघत तिने सगळं सांगितलं, सहा पिशव्यांपासून चिमट्यापर्यंत. आत्या तिच्याकडे येऊ लागली, पण काकांनी हाताने तिला थांबवलं.

"म्हणजे तुला वाटलं, माझी रेघ चुकली," काका म्हणाले.

ठिपकीने मान डोलावली.

"विचारायचं होतंस मला. मी खिडकीतच होतो की गं."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. तिला रडू आलं ते तेव्हा. वटवट्यासाठी सकाळी आलं होतं ते वेगळं. हे दुसरंच होतं. ज्या माणसाला वाचवायला म्हणून ती गेली होती, त्याच्या नजरेवर, तीस वर्षांच्या हातावर तिने विश्वास ठेवला नव्हता, आणि त्याला साधं विचारलंही नव्हतं.

खोलीत मान वर कुणाचीच नव्हती. शाईदादाने एकूणचा आकडा खोडून चाळीस लिहिलं, त्याच्या वहीतली तीन वर्षांतली पहिली खाडाखोड. आत्याने कोटाच्या तिन्ही खुंट्या उपटून दाराबाहेर ठोकल्या. आणि प्रमुख बाईंनी टेबलावरचा पट्टा उचलून स्वतः काकांच्या कमरेला बांधला. त्यांना बकल लावता येईना. काका म्हणाले, द्या, तुमच्याने नाही व्हायचं ते. तेवढाच काय तो दिवसभरातला विनोद.

ठिपकीला वाटलं होतं, की आता आपल्याला घरी पाठवतील. काकांनी तिच्यापुढे हिरवा चिमटा धरला.

"पानं उडतात ना तुझी? ठेव. आणि उद्या मोजायला तूच बसायचं."

६

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पक्षी कमी उतरले. ठिपकी तीन-तीनच पिशव्या आणत होती. आत्याने दोनदा म्हटलं, अगं, चार आणल्यास तरी चालेल, दोनच तर पावलं आहेत. तिने ऐकलं नाही.

दुपारी जाळ्या बंद झाल्या. काकांनी पाटी खिडकीतून आत सरकवली आणि ते बाहेर थांबले. पाटीवर अठ्ठावीस रेघा होत्या. ठिपकीने डबा उपडा केला. लाल, पिवळे, निळे.

सत्तावीस.

तिने पुन्हा मोजले. सत्तावीस. शाईदादा पेन उघडून आकड्याची वाट बघत होता. प्रमुख बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून काका बघत होते. चुकली असेल तर रेघ त्यांचीच चुकली असेल, सगळ्यांदेखत, आजच. आणि नसेल तर कुठेतरी एक पिशवी होती.

वहीचा हिरवा चिमटा तिच्या हाताशी होता.

तिने खिडकीकडे पाहिलं, थेट काकांच्या डोळ्यांत. "काका, माझ्याकडे सत्तावीस आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एक कमी आहे."

मग ती उठली, दाराबाहेर गेली आणि एकेक कोट उचलून बघू लागली.